रोखीत मिटवलेली धडक आणि आठव्या दिवशी आलेला फोन

पत्राचा सारांश असा: एका वाचक भगिनींच्या गाडीचा सिग्नलला थांबलेल्या पुढच्या गाडीला मागून धक्का लागला. वेग अगदी कमी होता. पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरवर ओरखडा आणि एक बारीक चीर, एवढंच दिसत होतं. त्या गाडीत एक गृहस्थ होते आणि मागच्या सीटवर त्यांची आई. लागलं कुणालाच नव्हतं. ते गृहस्थ स्वतःच म्हणाले, "इन्शुरन्सच्या भानगडीत कशाला पडायचं? आपसात मिटवू." यांनी माफी मागितली, पर्समध्ये होती तेवढी रोख रक्कम दिली, एकमेकांचे नंबर घेतले आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले. लिहून काहीच घेतलं नाही. फोटो एकच, तोही घाईत काढलेला. आठव्या दिवशी फोन आला. बंपर खोलल्यावर आतला लोखंडी भाग वाकलेला निघाला, रिव्हर्सचे सेन्सर चालत नाहीत, खर्च दिलेल्या रकमेच्या तिप्पट. बोलता बोलता ते असंही म्हणाले की आईची मान दुखतेय. नवरा म्हणतो, नंबर ब्लॉक कर. या विचारतात: "मी चूक कबूल केली, तिथल्या तिथे पैसे दिले, त्याचं हे फळ का? हा माणूस मला लुबाडतोय का? आणि आता कंपनीला कळवलं तर उशीर केला म्हणून ते हात वर करतील का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात सेन्सरबद्दल पुष्कळ आहे आणि मानेबद्दल एकच अर्धं वाक्य. मी नेमकं तिथूनच सुरू करते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या अर्ध्या वाक्याने बदलतात.

मागून धक्का बसला की सीट धडाला पुढे ढकलते आणि डोकं क्षणभर मागेच राहतं. त्या झटक्यात मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. हे दुखणं जागच्या जागी जाणवेलच असं नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान धरते, डोकं दुखतं, खांद्यात कळ येते. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं, काहींचं महिनोन्‌महिने रेंगाळतं. त्या आजींचं दुखणं खरंच या धक्क्यामुळे आहे का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण "त्या दिवशी तर त्या ठणठणीत होत्या" हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही.

आता यातला व्यवहाराचा भाग. गाडीला आलेला पोचा दोन शहाणी माणसं आपसात मिटवू शकतात. बिल येतं, पैसे दिले जातात, विषय संपतो. शरीराच्या इजेला असं बिल नसतं. दुखणं किती दिवस चालेल, तपासण्या काय लागतील, हे आज त्यांनाही माहीत नाही. शिवाय कुणाला इजा झाली असेल तर अपघाताची खबर देणं बहुतेक देशांच्या कायद्यात बंधनकारक आहे. म्हणून मानेचा उल्लेख झाला त्या क्षणी "आपसात मिटवू" हा पर्याय संपला, असं धरून चाला. तुम्ही आजच विमा कंपनीला कळवा.

इथे मला तुमच्या मनातल्या एका समजुतीला हात घालायचाय. विमा म्हणजे माझी गाडी, माझा हप्ता, माझा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट), तेव्हा वापरायचा की नाही हेही मीच ठरवणार, असं तुम्ही धरून चालला आहात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरतं ते खरं आहे. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा, मात्र सक्तीचा झाला तोच दुसऱ्यासाठी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२७ पासून गाडीमालकांना तो सक्तीचा झाला, ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने. धडक देणाऱ्याच्या खिशात पैसे असोत-नसोत, ज्याला लागलं त्याला भरपाई मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. तुम्ही दर वर्षी भरता त्या हप्त्याचा एक भाग अशाच एखाद्या आजींसाठी असतो. त्या आजींचं दुखणं खरं असेल तर त्यांना त्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार तुमच्या नवऱ्यालाही नाही आणि त्यांच्या मुलालाही नाही.

"आपसात मिटवू" म्हणताना तुम्ही दोघांनी काहीच गैर केलं नाही. किरकोळ ओरखड्यासाठी कित्येक लोक असंच करतात आणि ते निभावतंही. फक्त एक गोष्ट तेव्हा लक्षात येत नाही. कंपनीला बाजूला ठेवलं की तिचं काम आपल्या अंगावर येतं. नुकसान नीट बघणं, अंदाज काढणं, खरं-खोटं पडताळणं, पैसे देणं आणि शेवटी "आता देणं-घेणं उरलं नाही" असं लिहून घेणं, ही सगळी कामं एरवी सर्व्हेअर आणि कंपनीची माणसं करतात. तुम्ही यातलं फक्त पैसे देण्याचं काम केलंत, तेही सगळ्यात आधी. आज जो मनस्ताप होतोय तो तिथून आलाय. तुमच्या चांगुलपणाची ही शिक्षा नाही.

आता उशिराबद्दल. अपघात झाला की "ताबडतोब" किंवा ठरावीक मुदतीत कळवा, अशी अट जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असते. क्लेम करायचा नसला तरीही. आठ दिवसांबद्दल कंपनी तुम्हाला विचारेल, कदाचित आढेवेढेही घेईल. पण महिन्याभराने वकिलाची नोटीस हातात घेऊन जाण्यापेक्षा आज जाणं कितीतरी बरं. जे घडलं तेच सांगा: नुकसान किरकोळ दिसलं, लागल्याचं कुणीच म्हटलं नाही, म्हणून कळवलं नाही, दुखण्याचा उल्लेख काल पहिल्यांदा झाला, म्हणून आज कळवतेय. त्या फोनची वेळ तुमच्या मोबाइलमध्ये आहे, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. रोख पैसे दिल्याचंही सांगा. कंपनीच्या परवानगीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत किंवा कबूल करू नयेत, अशीही अट बहुतेक पॉलिसींमध्ये असते. त्यावरून दोन शब्द ऐकून घ्यावे लागले तर घ्या. मात्र कुणी हितचिंतक सुचवेल की अपघाताची तारीखच पुढची दाखव, म्हणजे उशिराचा प्रश्न मिटला. असं चुकूनही करू नका. तो खोटा क्लेम होतो, आणि त्या एका तारखेपायी सगळं संरक्षण जाऊ शकतं.

कळवणं आणि क्लेम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन केल्यावर पहिल्यांदा स्पष्ट बोला की ही माहिती देतेय, आणि मग विचारा की याची नोंद कशी होते. नुसत्या माहितीचा हप्त्यावर काहीच परिणाम होत नाही अशाही कंपन्या आहेत आणि थोडा होतो अशाही. थर्ड पार्टीला दिलेल्या भरपाईने तुमचा नो क्लेम बोनस जातो का, हेही सगळीकडे सारखं नसतं. उत्तर लेखी मागा, साधा ईमेलही चालेल.

पुढचा प्रश्न लोखंडी भागाचा. "बाहेर एवढीशी चीर आणि आत म्हणे लोखंड वाकलं" हे तुम्हाला अशक्य वाटतंय. ते अशक्य नाही. बाहेरून दिसतो तो बंपर म्हणजे प्लास्टिकचं आवरण. ते दबतं आणि पुन्हा जवळजवळ मूळ आकारात येतं. त्याच्या मागे धक्का शोषणारा फोमचा किंवा प्लास्टिकचा थर असतो आणि त्याच्याही मागे आडवा धातूचा दांडा. आवरण परत फुगून जागेवर बसलं तरी मागचा दांडा वाकलेला, क्लिपा आणि ब्रॅकेट तुटलेले असू शकतात. पार्किंगचे सेन्सर बंपरमध्येच बसवलेले असतात, आणि हल्लीच्या काही गाड्यांत मागच्या कोपऱ्यांत रडारही असतं. ते जरा तिरपं झालं तरी पुन्हा कॅलिब्रेट करावं लागतं. म्हणून कुठलाही प्रामाणिक मेकॅनिक "खोलल्याशिवाय सांगता येणार नाही" म्हणतो, आणि म्हणूनच रस्त्यावर उभं राहून ठरवलेला आकडा बहुतेक वेळा चुकतो. कधी देणाऱ्याचं नुकसान होतं, कधी घेणाऱ्याचं.

याच कारणासाठी तुमच्या गाडीचं नाकही बघून घ्या. त्याबद्दल पत्रात तुम्ही अक्षरही लिहिलेलं नाही. पुढच्या बंपरमागेही तसाच दांडा असतो, त्याच्या मागे रेडिएटर. गाडी उभी करता तिथे खाली ओलं दिसतंय का, इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर जातोय का, डॅशबोर्डवर नवीन दिवा लागलाय का, हे बघा.

तर मग तो माणूस लुबाडतोय का? तुमच्या पत्रातून मला तसं म्हणण्याइतकं काही मिळालं नाही, आणि तो साव आहे असं म्हणण्याइतकंही नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर रस्त्यात मिळालेली रक्कम घेऊन तो घरी गेला, गॅरेजमध्ये तिप्पट आकडा ऐकला, आणि चूक तुमची असताना बाकीचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून का घालावेत? हा विचार अगदी रास्त आहे. पण ठरवून केलेल्या धडका, मागाहून फुगवलेली बिलं, जुना पोचा नव्या अपघाताच्या नावावर खपवणं, हे सगळं जगभर चालतं हेही तितकंच खरं. संशयात कुढत बसण्यापेक्षा पडताळून बघा. बंपर काढल्यानंतरचे फोटो मागा. गॅरेजचं एस्टिमेट सुटं-सुटं मागा: कुठला भाग बदलायचा, कुठला दुरुस्त करायचा, मजुरी किती, रंगाचे किती. काढलेले जुने भाग ठेवायला सांगा. शक्य असेल तर गाडी प्रत्यक्ष बघायला जा, सोबत तुमच्या ओळखीचा एखादा जाणकार घ्या. वाकलेली जागा तुमच्या बंपरच्या उंचीशी जुळते का? वाकलेल्या ठिकाणी गंज किंवा जुनी धूळ बसलीय का? तुमच्या गाडीचा रंग त्यांच्या बंपरवर उतरलाय का? खरा माणूस हे सगळं दाखवायला फारसे आढेवेढे घेणार नाही, कारण दाखवण्यातच त्याचा फायदा आहे. गाडी बघू द्यायला नकार, रोखच हवी आणि आजच हवी असा धोशा, आकडा दर फोनला वाढत जाणं, "नाहीतर बघून घेतो"ची भाषा, यातलं काही दिसलं तर फोनवर बोलणं बंद करा, फक्त लेखी बोला आणि कंपनीला तसं कळवा. धमकी आली तर पोलिसांकडे जा.

नंबर ब्लॉक करण्याबद्दल मला ठामपणे बोलायचंय. तुमच्या नवऱ्याला तुमची काळजी वाटते, ते पत्रातून दिसतं. पण त्या गृहस्थांकडे तुमच्या गाडीचा नंबर आहे, म्हणजे तुमच्यापर्यंत पोहोचण्याची वाट ब्लॉक केल्याने बंद होत नाही. बंद होतो तो फक्त सरळ बोलण्याचा रस्ता. उद्या हे प्रकरण कुणासमोर गेलं तर "आईची मान दुखतेय म्हटल्यावर बाईंनी फोन उचलणं सोडलं" एवढंच ऐकू येईल, आणि त्या दिवशी तुम्ही थांबलात, माफी मागितलीत, पैसे दिलेत, हे सगळं त्याखाली झाकलं जाईल. रस्ते वाहतुकीबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात अपघातानंतरची वाहनचालकाची कर्तव्यं सांगितली आहेत. थांबणं आणि विचारल्यावर आपली ओळख देणं ही त्यातली अगदी प्राथमिक. नुकसान फक्त वस्तूचं झालं असेल आणि तिचा मालक तिथे नसेल, तरी आपलं नाव-पत्ता त्याच्यापर्यंत पोहोचवावा, असं तो करार सांगतो. तुम्ही हे कर्तव्य चोख बजावलंय, ते आता मागे घेऊ नका.

माफी मागितली ते चुकलं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. अजिबात नाही. "लागलं का हो? माफ करा" म्हणणं माणुसकीचं आहे. काळजी घ्यायची ती लिहिताना. कुणाची चूक किती, याचा निवाडा मेसेजमध्ये करू नका. जे घडलं तेवढंच लिहा.

अशाच पेचात सापडलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते. विमा बाजूला ठेवून मिटवणं मला कधी योग्य वाटतं? कुणालाही इजा नाही, दोन्ही गाड्या स्वतःच्या बळावर चालताहेत, चूक कुणाची याबद्दल वाद नाही आणि दोन्ही गाड्यांचे खरे मालक राजी आहेत, तेव्हा. शेवटच्या अटीकडे फार दुर्लक्ष होतं. गाडी कंपनीची, भाड्याची किंवा भावाच्या नावावर असेल तर चालवणाऱ्याने रस्त्यात केलेला समझोता मालकावर बंधनकारक असेलच असं नाही. उद्या मालक वेगळी मागणी घेऊन येऊ शकतो.

हिशेबही एका वर्षाचा करू नका. क्लेम केला तर सुरुवातीची ठरावीक रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, आपल्यालाच भरावी लागते. वर साठत आलेला बोनस जातो आणि तो पुन्हा चढायला काही वर्षं लागतात. या सगळ्याची बेरीज दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त होत असेल तर खिशातून देणं शहाणपणाचं. पण दुरुस्तीचा खर्च म्हणजे गाडी खोलल्यानंतरचा, रस्त्यावरचा अंदाज नव्हे.

जागेवर करायचं ते थोडकंच आहे. चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना लागलं का विचारा. धोका नसेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: आधी लांबून, रस्ता आणि दोन्ही नंबर प्लेट दिसतील असे, मग जवळून. नंतर गाड्या बाजूला घ्या. नाव, फोन, लायसन्स आणि पॉलिसीचा तपशील एकमेकांना द्या. डॅशकॅम असेल तर त्यातलं चित्रण त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण बहुतेक डॅशकॅम जुनं पुसून त्यावरच नवं टिपतात. (तुमच्या गाडीत असेल तर आठवडा उलटला तरी आज कार्ड काढून बघाच, एखादे वेळी वाचलं असेल.) युरोपात दोन्ही चालकांनी मिळून भरायचा एक छापील अर्ज गाडीत ठेवण्याची पद्धत आहे. त्यात धडक कशी झाली याचं रेखाचित्र काढायचं, खुणा करायच्या, दोघांनी सह्या करायच्या. तो भरला म्हणजे चूक मान्य केली असं होत नाही, फक्त घटना पक्की होते. साध्या कागदावर आपल्यालाही हे करता येतं.

आणि पैसे देणं शेवटी. एस्टिमेट हातात आल्यावर, जमलं तर थेट गॅरेजला, बँकेतून, बिलावर. सोबत दोघांच्या सहीचा कागद: तारीख, वेळ, जागा, गाड्यांचे नंबर, कुठल्या भागाचं नुकसान, किती रक्कम, आणि "या घटनेत गाडीच्या नुकसानीबाबत आमची आता कोणतीही मागणी उरलेली नाही" हे वाक्य. इजेचा विषय अशा घरगुती कागदात मिटवायला जाऊ नका. त्यासाठी कंपनी किंवा वकील हवा.

तुमच्या बाबतीत मात्र आता कंपनी सांगेपर्यंत एक पैसाही वर देऊ नका, "थोडे देते, बाकी विसरा" असंही म्हणू नका. आधी कंपनीला फोन करा आणि त्या गृहस्थांना पाठवायचा मेसेज वाचून दाखवा. कंपनीची हरकत नसेल तर तो साधारण असा असू शकतो:

"नमस्कार. आईंची मान आता कशी आहे? डॉक्टरांना दाखवलं नसेल तर कृपया दाखवा आणि कागद जपून ठेवा. तुम्ही त्यांच्या दुखण्याबद्दल सांगितल्यामुळे मी माझ्या विमा कंपनीला घटनेची माहिती दिली आहे. बंपर खोलल्यानंतरचे फोटो, गॅरेजचं सविस्तर एस्टिमेट आणि गाडी कुणाच्या नावावर आहे तो कागद पाठवाल का? दुरुस्ती सुरू होण्याआधी मला किंवा कंपनीच्या माणसाला गाडी बघता यावी, ही विनंती. त्या दिवशी मी तुम्हाला रोख रक्कम दिली होती, तिचा आकडा इथे नोंदवते."

आकडा खरंच लिहा. त्या पैशांचा दुसरा कुठलाच पुरावा तुमच्याकडे नाही, आणि त्यांनी तो नाकारला नाही तर हा मेसेजच उपयोगी पडेल. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर हाच मेसेज पुन्हा पाठवा, आणि दोन्हींच्या प्रती कंपनीकडे द्या.